हिंदुस्तानीचा फ्रेंच उपासक : गार्सां द तासी

ज्या देशाच्या मातीला आपले पाय कधी लागले नाहीत, त्या देशाची भाषा एखाद्याने पन्नास वर्षे शिकवावी, तिच्या साहित्याचा पहिला इतिहास लिहावा आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्या देशातील भाषेच्या वादात एका बाजूचा वकील होऊन उभे राहावे, ही घटना विलक्षणच म्हटली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथे हिंदुस्तानी भाषेचे अध्यापन करणारे गार्सां द तासी यांचे चरित्र असे आहे. ते श्रद्धावान कॅथलिक होते. त्यामुळे त्यांचे गुण जसे आपल्याला अभिमानास्पद, तशी त्यांची चूकही आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. उत्तर भारतातील हिंदी-उर्दूच्या अभ्यासकांत त्यांचे नाव सुपरिचित असले तरी आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत ते क्वचितच ऐकू येते. म्हणून त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून द्यावा आणि त्यातून आपल्यासाठी काही बोध निघतो का हे पाहावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

'हिंदुस्तानी' या नावाने त्या काळी काय अभिप्रेत होते, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. दिल्ली-आग्र्याच्या परिसरातील बोली सैन्याच्या छावण्यांतून, बाजारांतून, फकिरांच्या व संतांच्या मुखांतून दूरवर पसरली. हीच बोली फारसी लिपीत लिहिली जाऊन अरबी-फारसी शब्दांनी समृद्ध झाली, तेव्हा तिला उर्दू म्हणू लागले; नागरी लिपीत लिहिली जाऊन संस्कृत शब्दांकडे वळली, तेव्हा तिला हिंदी हे नाव रूढ झाले. व्याकरणाचा सांगाडा मात्र दोहोंचा एकच. युरोपातून आलेल्या मंडळींनी या सर्वांना मिळून 'हिंदुस्तानी' असे सोयीचे नाव दिले.

या भाषेच्या युरोपीय अभ्यासात धर्मप्रसारकांचा वाटा मोठा आहे. डच कंपनीच्या सेवेत असलेल्या केटेलार यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्तानीचे एक व्याकरण लिहिले. त्यानंतर अल्पावधीतच, १७०३ साली, फ्रान्स्वा मारी द तूर या कॅपुचिन संन्याशाने सुरत येथे हिंदुस्तानीचा मोठा शब्दकोश पूर्ण केला. त्यात भारतीय शब्द नागरी लिपीत असून त्यांचे अर्थ लॅटिन व फ्रेंच भाषांत दिलेले होते. हा ग्रंथ छापला गेला नाही, हस्तलिखितरूपातच राहिला. स्वतः फादर फ्रान्स्वा मारी पुढे तिबेटमधील ल्हासापर्यंत जाऊन आले. १७४५ साली बेंजामिन शुल्झे या लुथरन मिशनऱ्याचे व्याकरण जर्मनीत प्रसिद्ध झाले, तर १७७१ साली कॅपुचिन फादर कासियानो बेलिगात्ती यांचा नागरी लिपीविषयीचा ग्रंथ रोम येथे छापला गेला. पुढे १८०० साली कलकत्ता येथे फोर्ट विल्यम कॉलेजची स्थापना झाली आणि जॉन गिलख्रिस्ट या स्कॉटिश वैद्याच्या देखरेखीखाली हिंदुस्तानीचे शिक्षण पद्धतशीरपणे सुरू झाले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना रयतेची भाषा यावी, हा तेथील हेतू होता.

फादर फ्रान्स्वा मारी यांना आत्म्यांची चिंता होती, गिलख्रिस्ट यांना राज्यकारभाराची. गार्सां द तासी यांचे वेगळेपण असे की त्यांना या दोहोंपैकी कोणतेच काम नेमून दिलेले नव्हते.

जोझेफ एलिओदोर गार्सां द तासी यांचा जन्म जानेवारी १७९४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेय या बंदरात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीतील ते सर्वांत भीषण दिवस होते. क्रांतिसरकारची शपथ नाकारणाऱ्या धर्मगुरूंचा छळ होत होता, अनेक चर्चे बंद झाली होती, ख्रिस्ती कालगणनाही रद्द झाली होती. या बालकाच्या नावाला 'साजेस' आणि 'वेर्तू' असे आणखी दोन शब्द जोडलेले आढळतात. त्यांचे अर्थ अनुक्रमे 'सुज्ञता' आणि 'सद्गुण'. संत जोसेफचे नाव आणि त्याच्या शेजारी ही दोन गुणनामे अशी नामावली घेऊन हे बालक जगात आले. अशा वादळात जन्मलेल्या या मुलाने पुढे आपली श्रद्धा अखेरपर्यंत जपली, याची आम्हांला विशेष नोंद घ्यावीशी वाटते.

मार्सेय हे भूमध्य समुद्रावरील बंदर. इजिप्त, सिरिया, तुर्कस्तान यांच्याशी त्याचा जुना व्यापार. अशा गावात वाढलेल्या तरुणाला पौर्वात्य भाषांची ओढ लागली, यात नवल नाही. १८१७ साली तासी पॅरिसला आले आणि सिल्व्हेस्त्र द सासी या थोर अरबी पंडिताचे शिष्य झाले. क्रांतीच्याच काळात, १७९५ साली, पॅरिस येथे जिवंत पौर्वात्य भाषा शिकवणारी शाळा निघाली होती. अरबी, फारसी, तुर्की या भाषा तेथे शिकवल्या जात. द सासी हे त्या शाळेचे भूषण होते. गुरू आणि शिष्य दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि दोघांच्याही अभ्यासाचा विषय मुसलमानी जगाचे वाङ्मय. १८२२ साली पॅरिसमध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तासी तिच्या कार्यात प्रारंभापासून सहभागी होते. त्यांची सुरुवातीची पुस्तके इस्लामच्या धर्ममतांविषयी व आचारांविषयी आहेत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८२८ साली द सासी यांच्या प्रयत्नांनी त्या शाळेत हिंदुस्तानीचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर तासी यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. फ्रान्सच्या ताब्यात त्या वेळी भारतातील पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर एवढीच ठाणी उरली होती. त्यांपैकी कोठेही हिंदुस्तानी ही लोकांची मातृभाषा नव्हती. म्हणजे राज्यकारभारासाठी फ्रान्सला ही भाषा शिकवण्याची निकड नव्हती. ती शिकवली गेली ती मुख्यतः विद्येच्या प्रेमापोटी. शिकवायला फ्रेंच पाठ्यपुस्तक नव्हते, म्हणून तासी यांनी १८२९ साली स्वतःच हिंदुस्तानीचे प्राथमिक व्याकरण लिहिले. नागरी लिपीतील जुन्या हिंदीसाठी त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. ते १८४७ साली प्रसिद्ध झाले. अध्यापकाची पहिली कसोटी ही की, साधन नसेल तर त्याने ते घडवावे. या कसोटीला तासी उतरले.

त्यांनी फ्रेंच वाचकांपुढे ठेवलेल्या पहिल्या मोठ्या कवीचे नाव ऐकून मराठी वाचकांना आनंद वाटेल. तो कवी म्हणजे वली. तासी यांनी वलीच्या कवितांचा मूळ संग्रह १८३४ साली पॅरिस येथे छापला आणि पाठोपाठ त्याचे भाषांतर व टिपा दिल्या. वलीचा जन्म सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाला असे बहुतेक अभ्यासक मानतात. गुजरातही त्याच्यावर हक्क सांगतो. तो ज्या दखनी परंपरेतून आला, तिच्या बोलीत मराठीचे ठसे आजही दिसतात. दखनी बोलणारा माणूस नकार देताना 'नक्को' म्हणतो, तो आपला 'नको' होय. शब्दावर जोर देण्यासाठी आपण जो 'च' लावतो, तोही दखनीने उचलला आहे. म्हणजे पॅरिसच्या छापखान्यात ज्या काव्यपरंपरेला मान मिळाला, तिच्या बोलीत आपल्या शेतमळ्यांतल्या भाषेचाही अंश होता.

तासी यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे हिंदी आणि हिंदुस्तानी साहित्याचा इतिहास. त्याचा पहिला खंड १८३९ साली आणि दुसरा १८४७ साली निघाला. ग्रेट ब्रिटनमधील पौर्वात्य भाषांतर समितीच्या आश्रयाखाली तो प्रसिद्ध झाला आणि राणी व्हिक्टोरियाला अर्पण करण्यात आला. या साहित्याचा असा इतिहास तोपर्यंत कोणत्याही भाषेत लिहिला गेला नव्हता. कवींची चरित्रे देणारे फारसी-उर्दू संग्रह होते, त्यांना तजकिरे म्हणत. नाभादासांची 'भक्तमाल' होती. तासी यांनी ही दोन्ही प्रकारची सामग्री एकत्र आणली. पहिल्या खंडात सातशेहून अधिक लेखकांची माहिती अक्षरक्रमाने दिली आहे. काळानुसार मांडणी नसल्यामुळे आजच्या अर्थाने तो इतिहास नव्हे, चरित्रकोश आहे, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला आणि तो रास्त आहे. तरीही पहिला दगड रचणाऱ्याचा मान त्यांचाच. १८७०-७१ मध्ये त्यांनी या ग्रंथाची दुसरी आवृत्ती तीन खंडांत काढली. तीत लेखकांची संख्या कितीतरी पटींनी वाढलेली होती.

या ग्रंथाचे पडसाद भारतातही लवकरच उमटले. १८४८ साली दिल्ली येथे मौलवी करीमुद्दीन यांनी फॅलन या इंग्रज गृहस्थाच्या साहाय्याने उर्दू कवींचा एक चरित्रग्रंथ सिद्ध केला. त्याचा आधार तासी यांचा इतिहास हाच होता. दिल्लीतील कवींची माहिती पॅरिसला गेली आणि तेथून ग्रंथरूप घेऊन पुन्हा दिल्लीला आली.

१८५० सालापासून तासी यांनी एक नवा पायंडा पाडला. दर वर्षी हिवाळ्यात वर्ग सुरू होताना ते एक विस्तृत व्याख्यान देत. सरत्या वर्षात हिंदुस्तानीत कोणती पुस्तके निघाली, कोणती नवी वृत्तपत्रे सुरू झाली, कोठे शाळा किंवा सभा स्थापन झाल्या, कोण विद्वान निवर्तले, बायबलची कोणती भाषांतरे छापली गेली, या सर्वांचा त्यात आढावा असे. १८६९ नंतर ही व्याख्याने वार्षिक लेखांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागली आणि १८७७ पर्यंत हा क्रम चालला. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी भारतातील टपाल युरोपात पोहोचण्यास किती काळ आणि किती सायास लागत, याची कल्पना करून पाहावी. लखनौ, आग्रा, मीरत, लाहोर येथील वृत्तपत्रे, सरकारी अहवाल, पुस्तकांच्या याद्या आणि पत्रे यांच्या आधारे हा माणूस एका संपूर्ण भाषेची वर्षाची जमाखर्चवही मांडीत असे. आज एकोणिसाव्या शतकातील उत्तर भारताचा अभ्यास करणाऱ्यांना या व्याख्यानांचा आधार घ्यावा लागतो.

सय्यद अहमद खान यांनी दिल्लीच्या जुन्या इमारतींविषयी 'आसारुस्सनादीद' हा ग्रंथ १८४७ साली लिहिला. त्याचे फ्रेंच भाषांतर तासी यांनी १८६०-६१ मध्ये प्रसिद्ध केले आणि सय्यद अहमद यांचे नाव युरोपीय विद्वानांत पोहोचवले. फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'मंतिकुत्तैर' या फारसी सूफी काव्याचे त्यांचे भाषांतर १८६३ साली निघाले. अखेरच्या वर्षी, १८७८ साली, मीर अम्मन यांच्या 'बाग-ओ-बहार'चे भाषांतरही त्यांनी दिले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांची लेखणी कधी थांबली नाही.

येथपर्यंतचे चरित्र वाचून कोणालाही या माणसाविषयी आदर वाटेल, आणि आम्हांलाही वाटतो. परंतु इतिहास लिहिताना केवळ गौरव करून थांबणे हे सत्याला धरून होणार नाही.

तासी यांनी भारत पाहिला नाही. त्यांना भाषा माहीत होती ती छापील आणि हस्तलिखित. वर्तमानपत्रातील भाषा, दरबारी कवींची भाषा, सरकारी कागदांची भाषा त्यांच्या टेबलावर येऊन पडत असे. परंतु दळणाऱ्या बाईच्या तोंडची ओवी, चावडीवर चाललेले तुलसी-रामायणाचे पारायण, भाजीवाल्याची हाक आणि मदरशातील मुलांची घोकंपट्टी हे सारे टपालाने जात नाही. शिवाय त्या काळी उत्तरेतील छापखाने, कचेऱ्या आणि शाळा यांत उर्दूचे प्राबल्य होते. साहजिकच जी भाषा छापील कागदावर अधिक दिसे, ती त्यांना अधिक मोठी वाटे.

१८३७ साली कंपनी सरकारने न्यायालयांतून फारसी काढून टाकली. तिच्या जागी उत्तरेत फारसी लिपीतील उर्दू आली. १८६० च्या दशकात नागरी लिपी व हिंदी यांची मागणी होऊ लागली. १८६७ साली बनारसमध्ये या प्रश्नाला जोर चढला आणि १८६८ साली राजा शिवप्रसाद यांनी नागरीच्या बाजूने सरकारला निवेदन दिले. सय्यद अहमद खान उर्दूच्या बाजूने उभे राहिले. आणि पॅरिसमधील आपल्या अध्यासनावरून तासी यांनीही उर्दूची बाजू घेतली.

बाजू घेणे हा दोष नव्हे. उर्दू कचेऱ्यांत रुळली आहे, हिंदू आणि मुसलमान दोघेही ती लिहितात, तिला बाजूला सारल्याने गोंधळ होईल, हे त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. दोष आहे तो त्यांनी दिलेल्या दुसऱ्या कारणात. हिंदी ही हिंदू धर्माशी निगडित असून त्या धर्मात मूर्तिपूजा आहे. उर्दूच्या मागे मुसलमानी संस्कृती असून ती एकाच देवाला मानते. म्हणून उर्दू ही ख्रिस्ती विचाराला अधिक जवळची, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. हिंदी साहित्याचे इतिहासकार आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ सालच्या आपल्या ग्रंथात या पक्षपाताची कठोर शब्दांत दखल घेतली आहे. ज्याने हिंदी साहित्याचा पहिला इतिहास लिहिला, त्याच्याकडून असे व्हावे याची खंत शुक्लजींना वाटली असेल, तर तिचा आदर आम्ही केलाच पाहिजे.

तरुणपणी तासी यांनी इस्लामचा अभ्यास केला होता, हे आम्ही वर सांगितले आहे. त्या धर्मातील एकेश्वरनिष्ठा त्यांना ओळखीची होती. हिंदू धर्माची ओळख मात्र दूरची. माणूस परिचिताकडे झुकतो. पण त्यांच्या या निवाड्याविरुद्ध सर्वांत बलवान साक्ष कोणाची, असे विचारले तर ती त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाची आहे. त्यांनीच जमवलेल्या त्या यादीत कोण आहेत? मलिक मुहम्मद जायसी हे सूफी मुसलमान. त्यांनी १५४० च्या सुमारास अवधी बोलीत 'पद्मावत' रचले. कबीर तर विणकर, आणि त्यांना हिंदू व मुसलमान दोघेही आपले म्हणतात. दुसरीकडे उर्दूत मसनवी लिहून नाव मिळवणारे दयाशंकर नसीम हे काश्मिरी पंडित. दिल्ली कॉलेजातील गणिताचे अध्यापक मास्टर रामचंद्र यांनी उर्दू गद्य घडवले. ते जन्माने हिंदू आणि १८५२ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. यांतील कोणाला कोणत्या धर्माच्या भाषेत बसवायचे? आपल्या संत नामदेवांची हिंदी पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मग ती भाषा कोणाची?

हिंदी ही ख्रिस्ती श्रद्धेला परकी असती, तर बिहारमधील बेतिया येथे जे घडले ते घडले नसते. अठराव्या शतकाच्या मध्यास कॅपुचिन फादर जोझेप्पे मारिया बेर्निनी यांनी बेतियाच्या राजाच्या आश्रयाने तेथे ख्रिस्तसभेचे रोपटे लावले. उत्तर भारतातील त्या जुन्या कॅथलिक समाजाने गेली पावणेतीनशे वर्षे आपल्या प्रदेशाच्या भाषेतच देवाला हाक मारली आहे. तासी यांच्या जन्मापूर्वीच हा प्रश्न तेथील साध्या शेतकरी-कारागिरांनी आपल्या प्रार्थनेने सोडवला होता.

भाषेला धर्माच्या मापाने मोजण्याची ही खोड एकट्या तासी यांची नव्हती. तिचा सर्वांत दुःखद अनुभव आपल्याच किनाऱ्याने घेतला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथील लोकांच्या संगतीत चाळीस वर्षे काढली आणि ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुराण हा शब्द, ओवी हा छंद, आपल्या संतकवींची शैली, यांपैकी काहीही त्यांना ख्रिस्ताच्या चरित्राला अयोग्य वाटले नाही. १६१९ साली त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या पासष्ट वर्षांनी, १६८४ साली, गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषा टाकली म्हणजे श्रद्धा दृढ होईल, असा राज्यकर्त्यांचा समज होता. मायबोली त्या फर्मानाला पुरून उरली. मात्र स्टीफन्स यांनी सुरू केलेली ग्रंथपरंपरा त्या भूमीत खंडित झाली, याची हळहळ आजही वाटते.

स्टीफन्स आणि तासी या दोघांची तुलना करण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. दोघेही श्रद्धावान, दोघेही परदेशी, दोघांचेही आपल्या देशाच्या भाषांवर प्रेम. स्टीफन्स लोकांत राहिले. त्यांना भाषेतून माणसे दिसली. तासी ग्रंथालयात राहिले; त्यांना भाषेतून ग्रंथ दिसले, आणि ग्रंथांच्या मागे धर्म दिसले. विद्वत्तेच्या बाबतीत तासी उणे नव्हते. उणीव होती ती सहवासाची.

तासी यांचे निधन २ सप्टेंबर १८७८ रोजी पॅरिस येथे झाले. त्यांनी आयुष्यभर जमवलेला ग्रंथसंग्रह पुढच्या वर्षी लिलावात विकला गेला. मात्र त्यांच्या श्रमांची आठवण बुजली नाही. त्यांच्या व्याख्यानांचे उर्दू भाषांतर १९३५ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही कोठे, तर वलीच्या औरंगाबादेत. उर्दूच्या संवर्धनासाठी झटणारी अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था त्या वेळी तेथे होती. त्यांच्या इतिहासातील हिंदीविषयक भाग लक्ष्मीसागर वार्ष्णेय यांनी हिंदीत आणला. तो १९५३ साली अलाहाबादहून निघाला. ज्या हिंदीवर त्यांनी अन्याय केला, तिने त्यांचे ऋण मानले, हा हिंदीचा मोठेपणा. वलीच्या वाट्याला मात्र वेगळे आले. अहमदाबाद येथील त्याची कबर २००२ सालच्या दंगलीत उद्ध्वस्त झाली आणि त्या जागेवरून रस्ता गेला. भाषेवर आणि कवीवर धर्माचा शिक्का मारण्याची खोड केवळ विद्वानांच्या व्याख्यानांत राहत नाही. ती कधी ना कधी रस्त्यावर उतरते.

ख्रिस्तसभेने या बाबतीत बरेच शिकून घेतले आहे. १६५९ सालीच रोममधील धर्मप्रसार मंडळाने पूर्वेकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांना बजावले होते की, लोकांच्या चालीरीती श्रद्धेला व सदाचाराला बाधक नसतील तर त्या बदलायला लावू नका. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. १९६५ सालच्या घोषणापत्रात हिंदू, बौद्ध, मुसलमान, यहुदी अशा सर्वांच्या ठायी जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे नमूद केले. तासी यांनी हा दस्तऐवज वाचला असता तर आपल्या युक्तिवादातील ती ओळ त्यांनी खोडली असती, असे आम्हांला वाटते.

प्रश्न आता आपल्याकडे येतो. आमच्याकडे आईबाप येतात आणि म्हणतात, "फादर, मुलांना धर्मशिक्षण इंग्रजीत द्या, मराठी त्यांना जड जाते." मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे आम्ही जाणतो; त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु कधी कधी याच बोलण्यात आणखी एक सूर लागतो. इंग्रजी ही जणू ख्रिस्ती माणसाची, आणि मराठी ही इतरांची. उलट बाजूनेही हाच सूर ऐकू येतो. तुम्ही ख्रिस्ती असून इतके चांगले मराठी कसे बोलता, असे कोणी कौतुकाने विचारतो, तेव्हा त्या कौतुकातही तीच समजूत दडलेली असते. एखाद्या गीतात 'आरती' किंवा 'पंढरी' हा शब्द आला की कपाळाला आठी पडणारी माणसे आपल्यातही आहेत. गार्सां द तासी यांनी पॅरिसमध्ये बसून जे केले, तेच आपण आपल्या ओसरीवर बसून करतो. त्यांना निदान दूर असल्याची सबब होती. आपण तर या भाषेच्या कुशीत वाढलो आहोत.

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, तेव्हा जमलेल्या लोकांपैकी प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या मायबोलीत ऐकू आले, असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. त्या दिवशी कोणालाही आपली भाषा सोडून दुसरी शिकून या, असे सांगितले गेले नाही. आपल्या कुटुंबप्रार्थनेत दिवसातून एक जपमाळ मराठीत म्हटली जाईल, आजी आपल्या नातवंडांना प्रभूचे दाखले आपल्या बोलीत सांगेल, तर तेवढ्यानेही स्टीफन्स यांचे ऋण थोडे फिटेल.

आणि तासी यांचे? त्यांच्यावर टीका करताना आम्हांला संकोच वाटतो, कारण पन्नास वर्षे एका परक्या भाषेची सेवा करण्याइतकी चिकाटी आमच्या अंगी नाही. त्यांची चूक ध्यानात ठेवावी आणि त्यांचे श्रमही विसरू नयेत. २ नोव्हेंबर रोजी मृतांच्या स्मरणदिनी आपण आपल्या शिक्षकांची नावे मनात घेतो. त्या दिवशीच्या मिस्साबलिदानात आम्ही या फ्रेंच मास्तरांचेही स्मरण करणार आहोत. प्रभू त्यांच्या आत्म्याला चिरशांती देवो.